साहेबांसाठी आवरलेला धक्का

हसू नका, पण धरणावरच्या आमच्या धक्क्याला नावांची इतकी दाटी असायची, की पहिल्या नावेत कुणी शिंकलं तर शेवटची हलायची. खोटं वाटत असेल तर भिकाला विचारा, शेवटची नाव त्याचीच होती. रविवारी नाशिकहून माणसं फिरायला यायची, पण चार नावा ओलांडून त्याच्या नावेपर्यंत जाणार कोण? त्यामुळे धक्का वाढवायचं घाटतंय म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद भिकालाच झाला.

पाटबंधारे खात्याचे साहेब नावांची गर्दी बघायला येणार त्या सकाळी तो आम्हाला म्हणाला, "अरे, सायेब येनार अन् हा पसारा? घरी पाव्हना आला तर असंच ठेवता का?"

सगळ्यांना पटलं. आम्ही साऱ्या नावा पलीकडच्या काठाला नेऊन बांधल्या. धक्का झाडला, धुतला. भिकाच्या बायकोने रांगोळीही घातली.

साहेब आले आणि खूश झाले. "वा, इथे तर भरपूर जागा आहे. वाढवायचं कशाला?"

भिका चाचरत म्हणाला, "सायेब, नावा पलीकडं हायेत."

"मग राहू द्या की तिकडेच," साहेब म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

धक्का आजही तेवढाच आहे. भिकाने पुढच्या उन्हाळ्यात नाव विकली आणि तो सातपूरला एका कंपनीच्या गेटवर लागला. अधूनमधून मी त्याच्या खोलीवर जातो. खाटेवर कपडे असतात, खुर्चीवर भांडी. बसण्यापुरतं आवरायला गेलो की तो माझा हात धरतो.

"राहू दे तसंच. जागा नाय, ते दिसू दे."