केरोबांचे साडेतीन तास

मंडळी, ऐका! सूर्य फिरतो, चंद्र फिरतो, अवघं ब्रह्मांड गरगर फिरतं – आणि या अफाट पसाऱ्यात ऋषिमुनींना एकच प्रश्न पडला: जास्त प्रवास कुणाचा? जाणाऱ्याचा, की वाट बघणाऱ्याचा? हाच प्रश्न गडहिंग्लजच्या केरोबा नाईकवड्यांनाही पडला. फरक एवढाच – ऋषींच्या पोटात कंदमुळं होती, केरोबांच्या पोटात सकाळचा चहासुद्धा नव्हता!

का नव्हता? सांगतो. केरोबा म्हणजे एसटीचे निवृत्त कंट्रोलर. त्यांचं कुटुंब, साळूबाई, लेकीच्या बाळंतपणाला निघालं – मुंबईहून थेट सॅन फ्रान्सिस्कोला! एकटी बाई! जन्मातलं पहिलं विमान! आणि नाईकवड्यांच्या घरची रीत काय? गेलेलं माणूस पोचल्याचा निरोप येईस्तोवर घरच्यांनी पाण्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही.

केरोबांनी तिकीट वाचलं. सुटणार पहाटे पाचला, पोचणार सकाळी साडेआठला. तारीख तीच! "साडेतीन तास?" केरोबा खूश. "एवढ्यात आमची गाडी पुणं गाठत न्हाई. करतो की उपास!" – मंडळी, संकल्प असाच करावा, परवडेल तेवढा!

साडेआठ झाले. फोन नाही. नऊ. दहा! उभ्या जन्मात ज्यांनी हजारो लोकांना "येईल हो, बसा" म्हणून बसवलं, ते केरोबा आता फोन हातात धरून अंगणात येरझाऱ्या घालताहेत. त्यांना कोण बसवणार?

शेजारचे भूगोलाचे अत्तार गुरुजी पृथ्वीचा गोल बगलेत मारून आले.

"केरोबा, साडेतेरा हजार किलोमीटर अंतर हाय! साडेतीन तासांत जायचं तर ताशी अडतीसशेचा वेग! वहिनींचा अंबाडा तरी जाग्यावर ऱ्हाईल काय ओ?"

"मग तिकिटावर खोटं छापलंय?"

"खरंच छापलंय. पण ते साडेआठ तिथले! तवा आपल्याकडं रात्रीचे नऊ. सोळा तास लागत्यात."

"म्हंजे ती अजून वरच?"

"वरच! खुशाल!"

केरोबांचा चेहरा उजळला. मग पोटाने हाक मारली, चेहरा पुन्हा पडला.

"घ्या की चहा," गुरुजी म्हणाले. "वहिनींना कोण सांगतंय?"

"ती एकटी समुद्र ओलांडणार, आन् मी बशीत फुंकर मारत बसू? जमायचं न्हाई!"

केरोबांनी काय केलं? साळूबाईंच्या आरशावरचं टिकल्यांचं पाकीट आणलं! सरलेल्या पाच तासांच्या पाच टिकल्या गोलावर आधी, मग दर तासाला एक. दुपारपर्यंत गल्ली जमली. "आता कुठं आल्या?" "समुद्र लागला!" "मावशी, खिडकीतनं वाकू नका गं!" टाळ्या काय, शिट्ट्या काय! सोळावी टिकली लागली – आणि दहा मिनिटांत फोन!

"अहो, पोचले मी! लेक बाहेर थांबलीय न्यायला."

"काही खाल्लंस काय?"

"दोनदा जेवले! वर आइस्क्रीम! मस्त झोपही झाली. तुम्ही जेवला न्हवं?"

केरोबांनी डोळे पुसले. म्हणाले, "कवाच!"

आता सांगा मंडळी, जास्त प्रवास कुणाचा? साळूबाई ताज्यातवान्या उतरल्या – आणि केरोबांच्या पायांत गोळे! तेव्हा तुम्ही चंद्रावर जा, नाहीतर कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जा – मागं कुणीतरी अंगणात चालतंय, हे विसरू नका. पोचलात की आधी कळवा. देव पुढच्या मुक्कामी थांबतो. घरचं माणूस जेवायचं थांबतं!

आणि एक विनंती – बाहेर कुणीतरी माझ्या चपलांवर स्कूटर उभी केली आहे. तेवढी काढा.