रामकिसनभाऊले समुद्रावर घर देऊ नका

साखर कमी पडली असंन तं सांगा भाऊ, लाजू नका — तुमच्या कोकणात चहा कसा पेतात मले मालूम नाही, आमच्याकडं गोडच राह्यते. बसा न, कायची घाई हाये? रामकिसनभाऊच्या दाराले कुलूप हाये ते हायेच, तुमी ताटकळत उभं राह्यल्यानं काही उघडत नाही. अनसिंगले गेले ते, लग्नाले, गोजराच्या भाच्याचं लग्न हाये — गोजरा म्हणजे रामकिसनभाऊची बायको — दोघंही गेले, पोरगी वैष्णवी पुण्याले नोकरीवर. रामकिसनभाऊ फोन उचलून नाही राह्यला म्हणता? कसा उचलीन, मांडवात डीजे वाजत असंन न! म्हणून म्हणतो, इथंच बसा माझ्या ओट्यावर. मी ललिताबाई. भिंतीले भिंत लागून हाये आमची, त्याइच्या घरी मिरचीची फोडणी पडली का मले इकडं शिंक येते. तं तुमी गुहागरहून आले. त्या समुद्रावरच्या फ्लॅटचं पक्कं कराले. आज सही झाली तं झाली, नाही तं नागपूरचं गिऱ्हाईक तयार हाये — हेच न? नाही, मी काही इचारत नाही हो. तुमच्या बॅगीतून कागद डोकावून राह्यला, त्याच्यावर बिल्डिंगीचं चित्र हाये, अन् बाकीचं तुमी मघा फोनवर तुमच्या सायबाले सांगत होते ते ऐकू आलं. मोठ्यानं बोलता तुमी.

आता इतक्या लांबून आले म्हणून सांगतो, नाही तं मी कोणाच्या मधात पडत नाही — तो फ्लॅट नागपूरवाल्याले देऊन टाका. रामकिसनभाऊले समुद्रावर घर देऊ नका. माणूस सोन्यासारखा हाये, त्याच्याबद्दल मी एक वाईट शब्द बोलत नाही, पण घोरते. साधं नाही घोरत भाऊ, डिझेल इंजिन सुरू झाल्यावानी घोरते — पहिले फुटफुट करते, मंग एका लयीत लागते. आमच्या भिंती मातीच्या, हातभर जाड, तरी मी आवाजावरून सांगतो आज कोणत्या कुशीवर झोपला हाये. तुमच्या पातळ भिंतीच्या बिल्डिंगीत काय होईन, इचार करा. अन् गोजरा — तिच्यासारखी बाई या वाशिमच्या मालेगावात नाही, पण उन्हाळा लागला का तिचे हात शिवशिवतात. तुमच्या गच्चीवर कुरोड्या घालीन, पापड घालीन, खाली लोकाइच्या गाड्यावर डाळ वाळू घालीन. अन् दोघंच येतीन असं वाटते तुमाले? आमच्याकडं कोणाचं घर पाहाले म्हणून गाव जाते, हे तं समुद्रावरचं घर! सुट्ट्या लागल्या का तुमची बिल्डिंग मालेगावचं बसस्टँड होईन. मी तुमच्याच भल्याचं सांगून राह्यली.

मले काय करायचं, असं म्हणत असान मनात. मले काही नाही करायचं. त्याइचा पैसा, त्याइचा समुद्र. मोठ्या रस्त्यात त्याइचं एक वावर गेलं, मोबदला आला. बाकीच्याइनं गाड्या घेतल्या, वाशिमले प्लॉट घेतले, अन् हा रामकिसनभाऊ म्हणते समुद्रावर घर. काहून? तं गोजरा कवातरी टीव्ही पाहून बोलली होती, येवढं पाणी एका जागी म्या पाह्यलं नाही म्हणून. जलमभर बायकोचं ऐकलं नाही या माणसानं, अन् ऐकलं तं हे ऐकलं!

दिवाळी झाल्यावर पाहाले गेलो आमी. हो, मी बी होती. बोलावलं होतं काय? आता — नको येऊ असं तं कोणी म्हणलं नव्हतं. गाडी निघाली तवा मी पिशवी घेऊन दारात उभी. रामकिसनभाऊ म्हणे, जागा नाही व ललिताबाई. मी म्हणलं जागा कायले पाह्यजे, मी गवऱ्याच्या पोत्यावर बसतो. कोणत्या गवऱ्या म्हणता? रोडग्याच्या! तुमाले रोडगे मालूम नाही? राह्यलं मंग तुमचं काय. कणकेचे जाडे गोळे, गवऱ्याच्या इस्तवात भाजाचे, फोडून त्याच्यावर तूप सोडाचं, संगं वरण अन् वांग्याची भाजी. आमच्याकडं वावर घ्या, घर घ्या, इहीर खंदा — पहिले त्या जागेवर रोडगे झाले पाह्यजेत, देवाले निवद दाखवला पाह्यजे, मंगच मनाले वाटते का जागा आपली झाली. आता कोकणात गवऱ्या भेटतात का नाही, कोणाले मालूम? म्हणून इथूनच पोतं भरून नेलं. त्या पोत्यावर बसून मी गुहागर गाठलं भाऊ, त्या लुगड्याचा वास आजून गेला नाही.

तुमी नव्हते तवा, तुमचा तो चष्म्यावाला माणूस होता. त्यानं गॅलरीत नेलं, म्हणे पाहा काका, समोर समुद्र. रामकिसनभाऊनं पहिले काय इचारलं? शेजारी कोण राह्यते. आमच्याकडं घर मांगून पाह्यतात, शेजार पहिले पाह्यतात. तं तो हासून म्हणे, काळजीच नको, शेजारी कोणीच राहत नाही, सारे मुंबई-पुण्याचे, वर्षभर कुलपं, तुम्हाला कोणाचा त्रास नाही. मी म्हणलं झालं, सौदा फिसकटला! ज्या घराले शेजार नाही ते घर कोण घेईन? अन् गोजराच्या तोंडाकडं पाह्यलं तं — उजळलं हो तिचं तोंड. दिवा लावल्यावानी. मले वाटलं गॅलरीतून ऊन आलं असंन.

मंग रोडग्याचं काढलं, तं तुमचा वॉचमन गॅलरीत गवऱ्या पेटवू देईना. खाली समुद्रावर गेलो. जागा मीच निवडली, कबूल करतो. पण काय जागा होती! सपाट, ओलसर, टणक — सारवून ठेवलेलं खळं जसं. एक पाऊल उमटेल नव्हतं तिच्यावर, मले वाटलं कोणी बाईनं आताच झाडली. समुद्र तिकडं लांब, आपल्या जागी. गवऱ्या रचल्या, पेटवल्या, गोळे टाकले, बाजूले तीन दगडाइवर वरणाचं गंज ठेवलं. रोडगे अर्धेमुर्धे भाजले असतीन, अन् पायाले थंड लागलं. आता मले काय मालूम समुद्र उठून येते म्हणून? आमचा तलाव जिथं हाये तिथं राह्यते! पहिल्या डावाले पाण्यानं इस्तव चाटला — फस्सकन् धूर — अन् दुसऱ्या डावाले गवऱ्याच उचलल्या. तरंगत चालल्या भाऊ! मालेगावच्या गवऱ्या, एकीमांगं एक, वरात निघाल्यावानी! वरणाचं गंज बी चाललं. रामकिसनभाऊ प्यांट गुडघ्यावर ओढून त्याच्या मांगं. गंज पुढं, हा मांगं, अन् ओरडून राह्यला ‘वरण धरा! वरण धरा!’ तिथले कोळी जाळं सोडून पाह्यत उभे. त्याइनं जलमभर समुद्रातून मासे काढले असतीन, वरण पहिल्या डावाले पाह्यलं.

अन् गोजरा? गोजरा खुर्चीवर बसली होती, भाड्यानं भेटतात न तिथं प्लास्टिकच्या. उठली नाही. पाणी तिच्या घोट्याले लागलं, लुगड्याचा काठ भिजला, नवरा वरणामांगं पाण्यात पळून राह्यला, अन् ही नुसती समोर पाहून राह्यली. ती नवरी होऊन या गल्लीत आली तवापासून मी तिले पाहून राह्यली भाऊ, बसलेली मी पाह्यलीच नव्हती. जेवते तं एक डोळा चुलीवर. लग्नात गेली तं आचाऱ्याच्या हातचा झारा घेते. अन् तिथं हात मांडीवर ठेवून बसली, देवळातल्या मूर्तीवानी. मले भेवच लागलं. गेली न मी तिच्याजवळ. म्हणलं काय झालं व, तब्येत बरी नाही काय, रामकिसनभाऊ काही बोलला काय, वैष्णवीचा फोन आला काय? म्हणे काही नाही. थोडं थांबून पुन्हा गेली. म्हणे काही नाही व. तिसऱ्यांदा गेली तं तिनं मले हात धरून जवळ बसवलं. रागानं नाही, एकदम हळू म्हणे, ‘ललिता, सकाळपासून मी कितीक डाव बाहेर निघाली, अन् कुठं चालली म्हणून कोणीच इचारलं नाही. किती बरं वाटते व.’

आता तुमीच सांगा! बाईमाणूस घराबाहेर पडलं अन् कुठं चालली म्हणून कोणी इचारत नाही, ते काय गाव झालं? म्हैस सुटली तरी लोकं इचारतात कोणाची म्हणून! मी तिले तेच म्हणलं, म्हणलं इथं तुले कोण इचारीन, हे काय मालेगाव हाये, तिथं मी तरी हाये दारात बसेल, तू चप्पल घातली का मी इचारतोच —

तुमी हासले काहून?

नाही, हासले तुमी. मिशीत हासले.

…

असं काय इचारतो मी तिले? कुठं चालली, काय रांधलं, कोण आलं होतं, पिशवीत काय हाये, डोळे काहून लाल हायेत. येवढंच. येवढं तं सारेच इचारतात. अन् इचारलं नसतं तं? मांगच्या श्रावणात एका सकाळी तिच्याकडून भांड्याचा आवाज आला नाही. रामकिसनभाऊ वावरात गेला होता. मी भिंतीवरून हाक मारली, उत्तर नाही. दुसरी एखादी म्हणली असती, झोपली असंन. मी मागच्या दारानं घुसली — तं बाई न्हाणीत पडेल होती, अंग तव्यावानी तापेल. मीच ऑटोत घालून दवाखान्यात नेली. तिथं तुमच्या बिल्डिंगीत पडली तं कुलपं इचारतीन काय तिले, काय झालं व म्हणून? तेच भेव हाये मले. दुसरं काही नाही.

आता दुसरं बी हाये. ती महिना महिना तिकडं जाऊन राह्यली तं मी इकडं कोणाले इचारू? आमच्या घरचे देवमन, त्याइच्यात काही खोट नाही, पण दिवसभरात दोनच शब्द बोलतात — ‘वाढ’ अन् ‘पुरे’. मी त्याइले इचारलं काय झालं, तं म्हणतात काय झालं. यात काय गोष्ट होते सांगा? गोजरा निदान चिडते तरी. कधी कधी तं खोटंच सांगते, कुठं चालली तं म्हणे पिठाच्या गिरणीत, अन् हातात पीठ नाही का डबा नाही. मले वाटे गंमत करून राह्यली. मी बी हासो. गिरणीत नव्हती जात ती, मी पाह्यलं एक डाव मांगं जाऊन. शाळेच्या मांगं त्या चिंचेखाली जाऊन बसे, एकटी. मी तिथं बी गेली न. म्हणलं, इथं काय करून राह्यली व?

…

तुमची गाडी किती वाजता हाये म्हणता? नागपूरवाले खरंच तयार हायेत काय, का तुमी एजंट लोकं असंच सांगता? खरंच हायेत. बरं.

तुमी तिले तिथं समुद्रावर बसलेली पाह्यली नाही भाऊ. म्या पाह्यली.

थांबा, गोजराले फोन लावतो. हो, तिचा वेगळा फोन हाये. हो, नंबर हाये न माझ्याजवळ, पहिल्यापासून हाये. तुमी मले कुठं इचारला?

— हॅलो, गोजरा? ललिता बोलतो. कुठं पोचले व? … नाही, असंच नाही इचारून राह्यली, काम हाये म्हणून इचारून राह्यली. तो गुहागरवाला माणूस आला हाये कागद घेऊन. … मघाच. … म्हणजे आताच, आता आला. … नाही व माय, मी एक शब्द बोलली नाही त्याच्याशी, नुसता चहा देल्ला. … हो. थांबवतो त्याले. नाही जाऊ देत. … गोजरा, ऐक न — काही नाही. या सावकाश.

वाशिम सोडलं त्याइनं, येतीनच आता. उठा तुमी. चौकात हॉटेल हाये, तिथं बसा, त्याइची गाडी तिथूनच येते. तिथंच बोलून घ्या अन् सही बी तिथंच करा. इथं ओट्यावर बोलले तं मले सारं ऐकू येईन, अन् ऐकू आलं का मी बोलल्याबिगर राह्यत नाही. अन् मी घोरण्याचं सांगतलं, कुरोड्याचं सांगतलं, ते काही धरून बसू नका. लोकं चांगले हायेत ते. असा शेजार भेटत नाही.

काय? त्याइच्या बाजूचा फ्लॅट बी रिकामा, इकाचा हाये?

मंग मले काहून सांगून राह्यले? नाही. नाही म्हणलं न भाऊ. त्याले कुलूपच राहू द्या. द्या तो कप इकडं, अन् जा.