जपानच्या चिखलातल्या निवट्या

अगं, मी कॉलेजच्या पोरांना सागरी जीवशास्त्र शिकायला जपानला घेऊन गेलेले ना, तेव्हाची गंमत ऐक.

एका खाडीवर वयस्कर गाईडबाई आम्हाला चिखलात उड्या मारणारे मासे दाखवत होत्या. हे आता कमी होत चाललेत, जपायला हवेत, असं दुभाषी मुलगी आम्हाला इंग्रजीत समजावत होती. तेवढ्यात आमची खाडीकाठच्या कोपर गावची सायली ओरडली, "मॅडम, या तर निवट्या!"

"तुमच्याकडेही आहेत? काय करता त्यांचं?" बाईंनी विचारलं.

मी डोळे वटारेपर्यंत सायली बोलून गेली, "आई कालवण करते."

मला वाटलं, संपलं! आता पुन्हा कोण बोलावतंय आम्हाला? पण बाई खळखळून हसल्या. "आम्ही भाजून खातो. कालवण कसं करतात?"

सायलीने तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने चिखल पाहिला, निवट्या पाहिल्या. "अगो, इमानात बसून तुम्ही निवट्या बघायला गेलात?"

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

मी सांगून टाकलं, "तुम्हाला जेवायला बोलावतायत."

बाईंनी फोनसमोर कमरेत वाकून नमस्कार केला. सायलीने आईला सगळं सांगितलं, तर आई म्हणते, "येऊ देत की. फक्त आदल्या दिवशी कळवा म्हणावं, निवट्या ताज्या लागतात."