दहापैकी किती

नाही नाही, बसा हो, उभे काय राहताय — आईला अजून अर्धा तास तरी लागेल, बॅग भरायची म्हणजे आधी सगळं भरायचं, मग सगळं बाहेर काढायचं, मग सुनेला हाक मारायची — ऐका, मारलीच. आमची ही आहे आत तिच्या मदतीला. गाडी सावलीत लावलीत ना? मग झालं. तुमच्या साहेबांना फोन करून सांगा हवं तर, थोरल्या भावाने बसवून ठेवलंय म्हणून. माझं नाव सांगितलंत की ते काही बोलणार नाहीत. ते मला कधीच काही बोलत नाहीत, तोच तर त्रास आहे. तर मी काय सांगत होतो — हां, ही पेटी. तुम्ही विचारलंत ना, टीव्हीखाली हे चपटं काय आहे — नाही विचारलंत? बघत तर होतात. एकच झालं.

डीव्हीडी प्लेअर आहे, पण साधा नाही, अपकन्व्हर्टिंग. सांगतो, दोन मिनिटांचं काम आहे. डीव्हीडीवर चित्राच्या रेघा असतात पाचशे शहात्तर, आणि हा टीव्ही मागतो हजार ऐंशी. मग उरलेल्या आणायच्या कुठून? साधा प्लेअर म्हणतो, माझ्याकडे आहे ते हे, घ्यायचं तर घे — आणि टीव्ही बिचारा तेवढंच ताणून ताणून पडदा भरतो. हा तसं करत नाही. हा वरची रेघ बघतो, खालची बघतो आणि मधली स्वतः तयार करतो — अंदाजाने, पण शहाण्या माणसाच्या अंदाजाने. दुकानदार मला म्हणाला, काका, मुळात जे नाही ते यंत्र तरी कुठून आणणार, फार आशा ठेवू नका. मी म्हटलं, बाबा रे, तू मला शिकवू नकोस. तीस वर्षं छापखान्यात ऑफसेटच्या मशीनवर उभा आहे मी. चार रंगांचे ठिपके एकावर एक बसवायचे — एक केसभर सरकला की छापलेल्या बाईला दोन दोन ओठ दिसतात — भिंग लावून ते जागेवर आणायचे, हेच माझं आयुष्य. आमचे मालक गिऱ्हाइकांना सांगतात, याच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. माझ्यासमोर सांगतात.

टीव्ही? टीव्ही त्याचा. म्हणजे तुमच्या साहेबांचा. एक दिवस दोन माणसं आली, भिंतीला चार भोकं पाडली, टांगून निघून गेली. मला विचारलं नाही कुणी. भिंत माझी, भोकं माझ्या भिंतीला, आणि त्या दिवसापासून घरात नाव काय पडलं — बाळाचा टीव्ही. 'बाळाचा टीव्ही लाव रे जरा.' बाळ म्हणजे तुमचे साहेब, एकावन्न वर्षांचं बाळ, टक्कल पडलेलं. हसू नका, तुम्ही त्यांचं मीठ खाता. आणि मी कोण, तर 'अरे'. 'अरे, गोळ्या संपल्या', 'अरे, पंखा कमी कर'. मला नाव आहे हे आईला आठवतं की नाही, देव जाणे. आता यात तिची चूक नाही म्हणा. मी रोजचा. तो वर्षातून चार वेळा येणार, पाया पडणार, दोन तास बसणार, जाताना तिचे डोळे भरून येणार. मी रोज सकाळी नऊला बाहेर पडतो, कुणाचे डोळे भरून यायचे? पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

थांबा, लावूनच दाखवतो. ही डिस्क — बावीस वर्षांपूर्वीची सहल, तलावावरची. त्याला पहिली मोठी नोकरी लागली म्हणून वडिलांनी सगळ्यांना नेलं होतं. स्टुडिओवाल्या मित्राकडून मी एक दिवसासाठी कॅमेरा मागून आणला होता, खांद्यावर घ्यायचा, वजन एवढं की दुसऱ्या दिवशी मान वळेना. ती टेप पुढे मी डीव्हीडीवर घालून घेतली. चाळीस मिनिटं. बघा — हे वडील. ही आई, चष्मा नाही, केस काळे. आणि हा — झालं, आता चाळीस मिनिटं हाच. नावेत उभा राहून कंडक्टरची नक्कल करतोय, तिकीट तिकीट म्हणतोय, आणि आई बघा कशी हसतेय, सगळं तोंड हसतंय तिचं. यात मी कुठेच नाही. कॅमेरा कुणाच्या हातात होता? एकदा फक्त माझं बोट आलंय भिंगापुढे. परवा आई म्हणाली, ते मधेच काळं काय आलं रे, बाळाचं तोंड झाकलं गेलं.

तपासणी मी याच डिस्कवर केली, कारण यात दोन अवघड जागा आहेत. एक, नावेचा दोर. तिरकी रेघ वाईट प्लेअरवर जिन्यासारखी दिसते, पायऱ्या पायऱ्या. आता बघा — आहे पायरी? नाही. आणि आता रिमोटवरून बदलतो, हे बघा साधं चित्र — दिसल्या पायऱ्या? जरा दिसल्या म्हणताय, मला ढळढळीत दिसतात. दुसरी जागा त्याचा शर्ट. बारीक चौकडी अशी थरथरते, जणू कापडाला हिव भरलंय. ती स्थिर झाली की समजायचं प्लेअर जातिवंत. शर्ट माझा होता. नवा. घडीसुद्धा मोडली नव्हती मी.

हे सगळं मी कुणासाठी केलं? स्वतःसाठी? मला तर बातम्या पुरतात. तिच्यासाठी. हा टीव्ही आल्यावर ती पहिल्या आठवड्यातच म्हणाली, अरे, धूसर दिसतंय. मी कशाला खोटं बोलू, बरं वाटलं. म्हटलं, आणला ना एवढा मोठा बाळाने, आता बघ. मी दुरुस्त करून दाखवतो. म्हणून मग हा प्लेअर, मग चांगली केबल, मग त्याहून चांगली केबल. रोज कामावरून आलो की तिला या खुर्चीत बसवायचं, डिस्क लावायची आणि विचारायचं — आई, दहापैकी किती? वहीत लिहून ठेवायचो, ही वही. तीक्ष्णता चार, रंग सहा — आईचे मार्क पाच. तीक्ष्णता सात — आईचे मार्क पाच. खुर्ची पुढे घेतली — पाच. कधी म्हणायची, मघापेक्षा बरं आहे. मी विचारायचो, म्हणजे किती बरं? तर म्हणायची, तू म्हणतोस तर असेल बरं. एकदाच सहा दिले. मी पेढे वाटायचाच बाकी होतो. दुसऱ्या दिवशी हीच वही बघून आमची ही म्हणाली, अहो, काल ट्यूबलाइट बंद होती, वायरमन आला होता. म्हटलं, ट्यूबलाइटचा काय संबंध, केबल बदललीय मी. तीन महिने चाललं हे. तीन महिने, मी आणि ती, रोज एक तास, या दोन खुर्च्यांत. तेवढं ती माझ्याजवळ कधी बसली नव्हती.

मग माझी बुद्धी फिरली. म्हटलं, त्याला बोलवावं. त्याच्या टीव्हीतून मी काय काढलंय ते त्याला दिसू दे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तेच. आला, बसला तिथेच, तुम्ही बसलात तिथे. मी डिस्क लावली, दोर दाखवला, चौकडी दाखवली. त्याने टीव्हीकडे बघितलंसुद्धा नाही. तो बघत होता आईकडे. म्हणाला, आई, मान अशी तिरपी का धरतेस? उठला, तिच्या एका डोळ्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताची बोटं धरली — किती? ती म्हणाली, बाळा, हातच दिसत नाही मला. झालं. एका मिनिटात. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, उजवा तर पार पिकलेला.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. आमची ही पण तेच म्हणाली, फक्त तिने तोंडाने म्हटलं. तीस वर्षं ठिपके तपासणारा माणूस — शेजारी बसलेल्या आईचे डोळे नाही दिसले तुम्हाला? नाही दिसले. मी चित्र बघत होतो. आणि तो माझ्यावर चिडला असता, चार शब्द बोलला असता, तर मीही बोललो असतो, मोकळं तरी झालं असतं. पण तो काय म्हणाला? 'दादा, तू किती करतोस रे तिचं.' असं म्हणून घेऊन गेला. तिकडे मोठं हॉस्पिटल, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि पट्टी सोडली तेव्हा तिला पहिला कोण दिसला? तो. मला सुट्टी मिळाली नव्हती. छापखान्यात कॅलेंडरांचा हंगाम होता. जळतो मी त्याच्यावर, लपवून काय करू, लहानपणापासून जळतो — पण तेव्हा जेवढा जळलो तेवढा कधी नाही.

तीन आठवडे झाले तिला परत येऊन. आल्या आल्या मी डिस्क लावली. म्हटलं, आता तरी सांग, दहापैकी किती? ती बघत राहिली, हसली आणि म्हणाली, दहा. माझी छाती केवढी झाली. आणि मग — हे कुणाला बोललो नाही मी, हिलासुद्धा नाही — ती दुपारी झोपली होती तेव्हा माळ्यावरून जुना प्लेअर काढला. तो लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरवाला. तो जोडला. संध्याकाळी तिला काही न सांगता तीच डिस्क लावली. दोराला पायऱ्या, चौकडी थरथरतेय, मला बघवेना. विचारलं, किती? तर म्हणाली, दहा. वर म्हणाली, बाळाचा टीव्ही आहेच छान. त्याच दिवशी तो परत माळ्यावर टाकला. वहीत काही लिहिलं नाही.

असो. आता दुसरा डोळा. दोन आठवड्यांचं काम आहे, येईलच परत — काय म्हणालात? खोली? कुणाची खोली रंगवली? देवघराच्या बाजूची, आईसाठी — आणि कपाट नवीन. बरं. नाही, मला ठाऊक नव्हतं. नाही हो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेताय, तुम्ही सहज बोललात. तिला ठाऊक आहे? ती स्वतः बघून आली रंग. अच्छा. म्हणून त्या दोन बॅगा. मला वाटलं स्वेटर जाड आहेत.

आणखी काय? सांगा की, आता अडखळू नका. प्लेअर? हा प्लेअर न्यायला सांगितलाय साहेबांनी. का, त्यांच्याकडे भिंतीएवढा टीव्ही आहे ना — हां, डिस्क लावायला काही नाही, आता कुणी ठेवतच नाही. आणि आईने मागितलाय. हे बघा, साहेबांना म्हणावं, तो मिळायचा नाही. स्पष्ट सांगतो. आई नेताय, न्या, मी कोण अडवणारा. पण हा इथेच राहणार. डिस्क बघाविशी वाटली तर इथे येऊन बघावी तिने, तिची खुर्ची इथे आहे. हा इथे असला तर ती येईल तरी — तुम्हाला समजतंय का मी काय म्हणतोय? तिकडे हाही गेला तर ती माझ्याकडे कशासाठी येणार? पंखा कमी करायला?

काय गं? हो, ऐकतोय. हो. हो, बांधतोय मी, नीट बांधतो, आदळणार नाही. तू सावकाश ये.

ऐकलंत. 'अरे, ते यंत्र बांधलंस का.' नाही कसं म्हणू तिला. द्या तो टॉवेल इकडे — केबल अशी गोल गुंडाळायची, मोडायची नाही, आतून तुटते. मागच्या सीटवर ठेवा, डिकीत नको. डिस्क ही घ्या, डबीत घातलीय. रिमोट? रिमोट राहू दे. हे बघा, मी खिशात ठेवतोय, तुम्ही बघितलं नाही. त्याच्यावाचून डिस्क लागेल, चित्र येईल, पण प्लग काढला की अपकन्व्हर्टिंग बंद होतं, आणि ते परत सुरू करायचं बटण पेटीवर नाहीच, फक्त यावर आहे. तुमचे साहेब खटपट करतील, त्यांना जमायचं नाही. मग तिला धूसर दिसेल. आता तर दोन्ही डोळे चांगले असतील, तेव्हा धूसर दिसलं तर खरंच धूसर असेल. मग ती म्हणेल, फोन लाव रे त्याला, त्याला कळतं यातलं. माझं नाव घेऊन म्हणेल, तिकडे 'अरे' म्हणून कुणाला कळणार कोण ते. मी म्हणेन, अगं, रिमोट राहिला वाटतं इकडे, मी घेऊन येतो.

आली. तुम्ही काही बोलू नका हं. उचला त्या बॅगा, दोन्ही.