मामाने सोडलेला पट्टा

मामाला मुंबई दाखवायला नेऊ नका, आणि नेलंच तर कुत्रा बरोबर घेऊ नका. मी मोखाड्याच्या शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून आठवडाभर खपून यादी केली होती. कुठली इमारत कोणी बांधली, कशासाठी, सगळं. मुंबईतल्या ताईने निघताना तिचा कुत्रा हातात दिला आणि बजावलं, "पट्टा सोडू नका."

सीएसएमटीसमोर मी यादी उघडतोय, तेवढ्यात मामाने पट्टा काढूनच टाकला.

"मामा, काय केलंस हे!"

"बांधलेलं कुत्रं चावरं व्हतं. आपल्या साखरशेत गावात कोण बांधतो?"

कुत्रा जो सुटला! हरवला असता तर ताईने मला दारात उभं केलं नसतं. फ्लोरा फाउंटन, राजाबाई टॉवर, म्युझियम, सगळं धावत मागे टाकलं. मी ओरडतोय "पकडा, पकडा", मागून मामा "यू, यू!" गेटवेला समुद्र आडवा आला म्हणून कुत्रा थांबला. माझी एक चप्पल गेली, यादीही गेली.

परवा साखरशेतला गेलो, तर मामा शेजाऱ्याला सांगत होता, "भाचा दिवसभर नुसता बोलत बसला असता. कुत्र्यानं अर्ध्या तासात अख्खी मुंबई दाखवली!"