शेकायची पिशवी

...आणि वर मलाच विचारतात, "सुट्टीत काय करतेयस?" काय करणार, कप्पाळ? वर्षअखेरची सुट्टी, मुलगा-सून तिच्या माहेरी, लेक मैत्रिणींबरोबर डोंगरावर, आणि घरात मी न् फ्रीजची घरघर! लेक फोनवर म्हणते, "आई, स्वतःचे लाड कर ना गं!" म्हटलं, करते. औषधांच्या दुकानात वर्षभर काउंटरमागे उभं राहून पायांची पार लाकडं झालीत, तर आणावी स्वतःलाच एक भेट... शेकायची पिशवी, लोकरी कव्हरवाली!

भेटवस्तूंच्या दुकानातली मुलगी विचारते, "कुणासाठी, काकू?" आता 'माझ्यासाठीच' कसं म्हणायचं? जीभ रेटेना! म्हटलं, "आहे एक... बहिणीसारखी." झालं! चकचकीत कागद, रिबीन, वर कार्ड, "लिहा ना काहीतरी!" आणि तुम्हाला सांगते, भरल्या दुकानात मी स्वतःलाच लिहिलं, "वर्षभर सगळ्यांसाठी उभी राहिलीस. आता जरा बस." वाचलं आणि डोळेच भरले की हो! मी गारच!

परत आले, एक मजला चढून दम लागला म्हणून भिंतीला टेकले, तर कोपराखाली बेल! आणि बेल कुणाची? तक्रारवहीची! म्हणजे माझ्या बरोबर खाली राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका... माझी खुर्ची सरकली की तक्रार, भांडं पडलं की तक्रार, शिंकले तरी छताला झाडूची दांडी! दार उघडलं. मी अशी, हातात रिबीनवालं खोकं. त्या खोक्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात... "माझ्यासाठी?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर रिबीन सुटलीसुद्धा! मी गारच! कार्ड वाचलं, तेही वर्गात वाचतात तसं, खणखणीत, "वर्षभर सगळ्यांसाठी..." आणि खुर्चीत मटकन बसल्याच. म्हणाल्या, "अकरा महिने ताईचं दुखणं काढलं मी. गेल्या महिन्यात गेली. तू जेवलीस का, असं एकानं विचारलं नाही. तुम्हाला कसं हो कळलं?"

मला? मला काय कळलं होतं, कपाळ! आत कुणी आजारी आहे, हेसुद्धा ठाऊक नव्हतं! "तुमची खुर्ची सरकली की दचकून उठायची ती," म्हणाल्या. अहो, अकरा महिने मी खुर्च्या ओढत होते, मुद्दाम, जरा जास्तच ओढत होते! मी गारच! पिशवीचं काय बोलणार? म्हटलं, "पाणी तापवते, थांबा."

तेव्हापासून रोज चार वाजता बाई पिशवी काखेत मारून माझ्याकडे हजर! "पाणी कोमटच आहे गं", "हा सोफा फार खोल आहे", "चहात साखर कोण घालतं एवढी?" आणि चारचे साडेसात होतात, कळत नाही. दुसरी पिशवी आणायला गेले, तर मुलगी म्हणते, "संपल्या, काकू!"

काल तक्रारवही मला म्हणते, "सुट्टी संपली की तू दुकानातून किती वाजता येणार?" म्हटलं, "साडेसात." तर तोंड वाकडं करून, "फार उशीर होतो!"

आता काय करता? मालकांना विचारलंय... सहाला सोडाल का म्हणून.