गाव तेवढं राहू दे

मी तापीकाठची, एवढंच लिहा ताई. गावाचं नाव नही सांगणार मी, आणि का नही सांगत ते बोलता बोलता येईलच. बाप केळीच्या बागेत मजुरी करायचा, माय पण तिथंच, आणि आम्ही पोरं बांधावर. शाळा नही पाहिली. सोळाव्या वर्षी लग्न केलं आणि नवरा सुरतले लूमवर होता म्हणून मी सुरतले आले, ती आलेच. पर्वत पाटियाच्या पलीकडं आमची गल्ली आहे, सगळी खानदेशची माणसं, गुजराती शेजारी म्हणतात तुमच्या गल्लीत शिरलं की गुजरात संपतं. नवऱ्याच्या छातीत लूमची धूळ बसली, तो गेला, त्याले आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मी घरी बसून साडीले टिक्या लावते. शेठच्या दुकानातनं गठ्ठा येतो, साडी मांडीवर घ्यायची, गोंदाचा ठिपका, त्यावर टिकी, गोंदाचा ठिपका, त्यावर टिकी. डोळे त्यातच गेले. लेकी त्यातच मोठ्या केल्या. किती लेकी ते पण नही सांगत, रागवू नका.

आता एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं तुम्हाले कळायचं नही. आमच्यात बाई सासरी आली की तिचं नाव संपतं. तिले तिच्या माहेरच्या गावावरनं हाक मारतात. दोंडाईच्याची असली तर दोंडाईचावाली, पारोळ्याची असली तर पारोळावाली. सासू तसंच म्हणते, नणंद तसंच म्हणते, गल्ली तसंच म्हणते. माझ्या शेजारची पारोळावाली, वीस वर्षं आम्ही एका नळावर पाणी भरलं, तिचं खरं नाव काय ते मले आजपण ठाऊक नही. ती मेली तर मी रडेन, पण नाव घेऊन नही रडता येणार. माझंही तसंच. सुरतेत मी गावाच्याच नावानं जगले, आणि खोटं कशाले बोलू, मले ते आवडायचं. दिवसातनं दहा वेळा कोणी ना कोणी माझ्या माहेराचं नाव घ्यायचं.

धाकट्या लेकीचं सांगते. तिले दिली ती सुरतपासून लांब नही, बारडोली म्हणा, चलथाण म्हणा, काही म्हणा, उसाच्या भागात. जावई ट्रॅक्टर चालवतो. माणूस कामाचा, पण हात सुटा. पहिल्या वर्षी लेक म्हणायची दार लागलं, दुसऱ्या वर्षी म्हणायची पाय घसरला, आणि मी पण म्हणायची बरं. काय करणार ताई, ऐकून घेतलं की पुढं काहीतरी करावं लागतं, त्याची भीती. मग एकदा ती आखाजीले आली. आखाजी म्हणजे तुमची अक्षय तृतीया, आमची दिवाळीच, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. तर ही झोक्यावर बसेना. हात वरच जाईना तिचा. तेव्हा मी पाहिलं, खांदा पार काळा-निळा.

ती सासरी गेली आणि मी त्या सरकारी नंबरवर फोन लावला, बायांच्या मदतीचा असतो तो.  त्या बाया गाडी घेऊन लेकीच्या घरी गेल्या, तिले मदत केंद्रात ठेवलं पाच दिवस, डॉक्टर दाखवला, जावयाले समोर बसवून समजावलं, परत हात उचलणार नही असं लिहून घेतलं. देव त्यांचं भलं करो, खोटं नही बोलणार, चांगल्या बाया. जावयानं लई विचारलं, खबर कोणी दिली, तर त्यांनी नही सांगितलं. त्याले वाटलं शेजारीण. आणि मी काय केलं माहीत आहे का, मिठाई घेऊन गेले त्याच्याकडं आणि म्हटलं, कोण मेली ती घर फोडणारी, तिच्या जिभेले किडे पडो. माझ्याच जिभेले शाप दिला मी, त्याच्यासमोर बसून. तो हसला. चहा पाजला मले. आणि त्यानंतर दीड वर्ष त्यानं खरंच हात नही लावला तिले, लेक अंगानं भरली, हसायले लागली.

असं सगळं ठीक झाल्यावर एक मुलगी आली. सरकारचं काही संशोधन होतं, की हे मदतीचं केंद्र लोकांच्या उपयोगी पडतं का नही, आणि ज्यांना मदत भेटली त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. गुजराती मुलगी, मले मासी मासी करायची, मराठी तोडकं-मोडकं बोलायची. लेकीच्या घरी जाणं बरं नही म्हणून माझ्याकडं आली, एवढी समज होती तिले. आधी एक कागद वाचला. नाव कुठं येणार नही, नावाच्या जागी नंबर टाकू, आवाज भरून घेऊ तो नंतर पुसू, बोलायचं नसलं तर मध्येच थांबा. मी म्हटलं, पोरी, एवढं तर मले नवऱ्यानं पण कधी नही विचारलं.

आणि मग मी बोलले. दोन तास बोलले ताई. मांडीवर साडी तशीच, गोंद वाळून गेला. माझ्या आयुष्यात कोणी समोर बसून एवढं ऐकलं नव्हतं, मधे मधे ती डोळे पुसायची, मले अजून सांगावं वाटायचं. खांदा सांगितला, फोन सांगितला, मिठाई आणि शाप पण सांगितला. शेवटी तिनं विचारलं, मासी, यातलं काय ठेवू नि काय काढू. मी म्हटलं, नाव काढ. ती म्हणाली, गाव पण काढते, आम्ही नुसता जिल्हा लिहितो. आणि तिथं माझी मती गेली. मी म्हटलं, नही नही, गाव तेवढं राहू दे. माय-बाप गेले, भाऊ विचारत नही, त्या गावात माझं काही उरलं नही, सरकारच्या पुस्तकात तरी माझं माहेर छापून येऊ दे. ती म्हणाली नियमात नही बसत मासी. मी हट्ट धरला. तिनं लिहिलं. मी खाली सही केली, सही तेवढी येते मले.

माझ्या डोक्यात काय होतं सांगू का. नाव म्हणजे आधार कार्डावरचं, सरकार ज्यानं ओळखतं ते. ते झाकलं म्हणजे मी झाकली. गल्ली मले कशानं ओळखते, हे गल्लीत आयुष्य काढून मले सुचलं नही.

पुढं काही महिन्यांनी आमच्या भागात बायांची बैठक झाली. मदत केंद्राची माहिती द्यायची होती. केंद्राच्या ताईबाईंनी संशोधनाचं ते नवीन पुस्तक उघडलं आणि गुजरातीत वाचायले लागल्या, कमलाबेन, नाव बदललं आहे, खानदेशातल्या अमुक गावच्या, साडीले टिक्या लावतात, लेक उसाच्या भागात दिलेली. गाव आलं आणि मागची पारोळावाली बोलली, अगं बया, ही तर आपलीच. सगळ्या वळल्या. ताईबाई वाचतच होत्या, त्यांना कशाले कळणार. फोन आला, मिठाई आली, शाप आला. मी मान खाली घालून बसले, नेसल्या साडीवरच्या टिक्या मोजत.

कोणी मुद्दाम लावालावी केली असं मी नही म्हणणार. पण बायांच्या माहेर-सासरच्या वाटा एकात एक गुंतलेल्या, गोष्ट आठ दिवसांत जावयाच्या अंगणात पोचली. मी मदतीच्या नंबरवर फोन केला याचा त्याले जेवढा राग नही आला, तेवढा त्या मिठाईचा आला. समोर बसून मले बनवलं, म्हणाला. आणि खरं आहे ते. मारलं नही त्यानं लेकीले. फक्त सांगितलं, त्या घराची पायरी चढायची नही, आणि फोन काढून घेतला.

लेकीचा एकदाच फोन आला, कोणाच्या तरी मोबाइलवरनं. रडली नही. एवढंच म्हणाली, काब्र बोलनी व माय तू? का बोललीस म्हणून विचारत होती. मी काय सांगणार तिले, की कोणीतरी ऐकत होतं म्हणून बोलले?

ती संशोधनवाली मुलगी कागद ठेवून गेली होती, त्यावरच्या नंबरवर मी फोन केला. तिथले साहेब गोड बोलले, म्हणाले माँजी, तुमचं नाव तर कुठंच नही छापलं. गावाचं सांगितलं तर म्हणाले, पुढच्या छपाईत काढू, जी पुस्तकं वाटली ती परत नही येत. ती मुलगी मात्र स्वतः आली. उंबऱ्यातच रडायले लागली, माझीच चूक मासी, तुम्ही कितीही म्हटलं तरी मी लिहायले नको होतं. मी चहा केला तिले. तिच्यावर कुठं रागवू, हट्ट माझाच होता.

मधे एक सून आली आमच्या गल्लीतली, पदर ओढून, हळूच म्हणाली तो मदतीचा नंबर द्या. पुस्तक ऐकूनच आली ना ती. म्हणजे कोणाच्या तरी उपयोगी पडलं. नंबर दिला, आणि सांगितलं, बाई, जे सांगायचं ते सांग, पण माहेर सांगू नको.

यंदाची आखाजी गेली. झोका मी बांधला होता, लोकांच्या पोरी खेळल्या. आता मले एकच धाक आहे ताई, उद्या त्यानं परत हात उचललाच, तर मले कळवणार कोण, आणि कळलं तरी मी तो फोन लावू शकेन का. फोन हातात घेते नि ठेवून देते.

तुम्ही पण म्हणालात नाव बदलू. नका बदलू. गाव लिहू नका, आणि नाव खरं लिहा. सुपडाबाई. माझ्या आधीची दोन पोरं गेली, ही तरी जगावी म्हणून मले सुपात घातलं होतं, म्हणून सुपडा. आमच्याकडं गावोगावी सापडतील सुपडाबाया, आणि गल्लीत कोणाले माहीत नही की त्यातली एक मी आहे. जावयाले पण नही, लग्नपत्रिकेत फक्त माझ्या नवऱ्याचं नाव होतं. माहीत आहे ते एकट्या त्या धाकट्या लेकीले. चौथीत होती तेव्हा पाटीवर तिनंच मले ते लिहायले शिकवलं, सु काढताना माझा हात धरायची, नि हसायची, काय नाव व माय तुझं. तुमचं लिहिलेलं कधी तिच्या हाती पडलं तर ती ओळखंल, बाकी कोणी नही. सुखी राहा म्हणावं. द्या तो कागद इकडं, सही मी करते.